फळी कुठे टांगायची?

वाफेच्या न्हाणीघराच्या, म्हणजे सौनाच्या, धुराड्यातून भाजल्या माशाचा वास यायला लागला, तेव्हा पिल्वीला आधी वाटलं, आपल्याला भूक लागली असेल.

तिनं शेगडीचं दार उघडून पाहिलं. आत नुसती लाकडं होती, छान पेटलेली. संध्याकाळचे पाच वाजले होते, पण उत्तरेकडचा जून महिना. सायमा तळ्याच्या पाण्यावर ऊन अजून भर दुपारसारखं पसरलं होतं. तिची चार वर्षांची लेक ओना पायरीवर बसून गोटे मांडत होती. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. पाणी तिथून चाळीस पावलांवर होतं. पिल्वीनं मोजली होती, आणि चाळीस पावलं तिच्या मते काहीच नव्हती.

"आई, सौनात मासा आहे?" ओनानं विचारलं.

"नाही गं राणी."

"मग सौनाला वास कशाचा येतोय?"

याचं उत्तर पिल्वी स्वतःच शोधत होती, तेवढ्यात शेजारच्या अंगणातून एक उंच माणूस वास घेत घेत आला. दोन घरांच्या मध्ये कुंपण नव्हतं. लाकडं ठेवायची एक खोपटी होती, अर्धी या घराची, अर्धी त्या घराची. तो त्या खोपटीपाशी थांबला. सदऱ्यावर भुसा, केसांत भुसा, एका हाताची मूठ मिटलेली. त्यानं खोपटीच्या भिंतीकडे पाहिलं, मग धुराड्याकडे, मग परत भिंतीकडे.

"तुम्ही आत काय जाळताय?" फार हळू विचारलं त्यानं.

"लाकूड. लेप्पाचं," पिल्वी म्हणाली, आणि यात तिला थोडा अभिमानही होता. सौनाला लेप्पाच्या झाडासारखं लाकूड नाही — धूर गोडसर, ठिणग्या कमी — हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. "इथं टेकून एक जुनी फळी होती, राखाडी पडलेली. खिळे राहिलेत का ते नीट तपासलं, मगच कुऱ्हाड घातली. नुसती भोकं होती. खिळा एकही नव्हता."

"नसणारच." त्यानं मूठ उघडली. तळहातावर सहा लाकडी खुंट्या होत्या, ओल्या. "त्या मी धुवायला नेल्या होत्या."

भोकं... खुंट्या... आणि धुराड्यातून येणारा तो सुरेख वास. पिल्वीच्या सगळं लक्षात आलं. मासा भाजायची फळी! कुणाच्या तरी घरची मासा भाजायची फळी चार तुकडे करून आपण सौनात घातली.

ती चिमटा घेऊन धावली. शेगडीतून एकच तुकडा हाताला लागला, वीतभर, अर्धा कोळसा झालेला. तो बादलीत विझवून तिनं दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला, नाकाशी नेला.

"वास तरी छान सुटलाय," तो म्हणाला.

तिला हसू आलं, त्याच क्षणी रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला ती वळली तर ओना त्या माणसाला समजावत होती, "आईनं मुद्दाम नाही केलं. ती सगळं तपासते."

"दिसतंय," तो लाइफ जॅकेटकडे बघून म्हणाला. पण हसला नाही. ही गोष्ट पिल्वीच्या लक्षात राहिली. लोक हसायचे.

त्याचं नाव ओत्सो. लाकडी होड्या दुरुस्त करायचा. वडील गेले तेव्हा, मागच्या शरद ऋतूत, तुर्कूचं काम सोडून इथं आईजवळ येऊन राहिला होता. फळी वडिलांची, ऊर्होची. एक्केचाळीस उन्हाळे ऊर्होनं त्या फळीवर मासा भाजला होता, आणि मध्य उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाला सगळा काठ तो मासा खायला जमायचा. हे सगळं त्यानं लाकूड फोडायच्या ओंडक्यावर बसून, पायाशी बघत, थोडं थोडं करून सांगितलं. ऐकून पिल्वीला वाटलं, यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

खरी गोष्ट त्यानं शेवटी सांगितली. ऊर्हो गेल्यापासून त्याची आई हेल्वी जेवत नव्हती. तीन चमचे लापशी, की झालं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. घागरा कमरेवर राहीना म्हणून तिनं पिन लावली होती, आणि महिन्याभरात ती पिन दोनदा आत सरकली होती. खोलीबाहेरही ती फारशी येत नसे. पण मे महिन्यात एकदा खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली होती, "युहान्नुसला ऊर्होच्या फळीवरचा मासा केलास तर बघू."

"तो 'बघू' धरून बसलो होतो मी," ओत्सो म्हणाला. "सणाला दहा दिवस आहेत."

पिल्वीनं विचारलं, नवी फळी नाही का करता येणार. तर म्हणे करता येईल, पण नवी फळी म्हणजे नुसतं लाकूड; चव ही मुरत मुरत येते.

"तिला सांगू नका," तो उठताना म्हणाला. "कळलं तर तो 'बघू'सुद्धा जाईल."

पिल्वीला खोटं पचत नसे. पोटात दुखायला लागायचं, अगदी खरोखरचं. म्हणून तिनं एक अट घातली: सणाच्या दिवशी, जेवण झाल्यावर, हेल्वीमावशींना ती स्वतः सांगणार.

"झाल्यावर," ओत्सो म्हणाला.

"झाल्यावर," ती म्हणाली.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या अंगणात उभी राहिली, एका हातात ओनाचा हात, दुसऱ्या हातात वही.

"मी मदतीला आलेय."

"मासा भाजता येतो तुम्हाला?"

"नाही. नोंदी ठेवता येतात."

लाप्पेनरांता शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. बाटलीवर बाटली, आकड्यापुढे आकडा. बारा दिवसांची रजा काढून तिनं तळ्याकाठचं हे घर भाड्यानं घेतलं होतं, कारण ओनाच्या बाबानं दुसरा संसार मांडून दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत ओनानं तळ्याकाठचा उन्हाळा पाहिला नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. फक्त प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, "तू उगाच घाबरतेस." खिडकीची कडी, तापाचा आकडा, माशातला काटा — उगाच. ऐकून ऐकून पिल्वीला वाटायला लागलं होतं की आपल्यातच काही जास्तीचं भरलं आहे, सांडत राहणारं.

ओत्सोनं लेप्पाचा ओंडका मधोमध फोडला, रंध्यानं साफ केला. रंधा तो एका लयीत ओढायचा, आणि मधेच थांबून फळीवरून हात फिरवायचा, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. लांब पिवळसर छिलके ओनाच्या पुढ्यात येऊन पडत. पिल्वी वहीत फळीची लांबी-रुंदी लिहीत होती. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लिहिताना तिच्या लक्षात आलं, आपण फळीकडे बघतच नाही आहोत.

फळी रात्रभर तळ्यात बुडवायची, वर दगड ठेवून, हे तो म्हणाला. आणि जाळ कुठे पेटवणार ते पिल्वीनं विचारून घेतलं, मग तिथून सात पावलांवर पांढऱ्या गोट्यांची एक रेघ मांडली. ओनानं ती ओलांडायची नाही. पिल्वी मान खाली घालूनच गोटे मांडत होती, कारण आता काय ऐकायला मिळणार ते तिला पाठ होतं.

ओत्सो थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं दोन गोटे उचलले आणि रेघ एक पाऊल मागे सरकवली. "वारा या बाजूनं येतो," तो म्हणाला. "ठिणग्या इथवर उडतात."

पिल्वीनं वर पाहिलं. त्याचं लक्ष गोट्यांतच होतं.

* * *

पहिला मासा कडू निघाला.

तळ्यातला सीका होता, सकाळीच ओत्सोच्या जाळ्यात आलेला. पाठीतून चिरून त्यानं तो पुस्तकासारखा उघडला, मीठ चोळलं, कातडी फळीकडे करून पसरला आणि सहा खुंट्यांनी ठोकून बसवला. वडिलांच्याच खुंट्या, त्या तेवढ्या वाचल्या होत्या. मग फळी जाळाच्या कडेला उभी केली, किंचित मागे कललेली, आणि शेपूच्या जुडीनं मिठाचं पाणी माशावर शिंपडत राहिला. निम्मा भाजल्यावर फळी उलटी केली, खालचं वर, म्हणजे माशाची चरबी आली तशी परत फिरते. दिसायला इतका देखणा झाला होता मासा की पिल्वीनं लिहून ठेवलं, 'रंग: मधासारखा'. चाखल्यावर खाली लिहिलं, 'चव: कपाट'.

"कपाट?" त्यानं वाचलं.

"कपाट चाटल्यासारखं लागतंय."

"चाटलंय कधी?"

"ओनानं चाटलंय. तिला विचारा."

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्या दिवशीचं तेवढंच हसू. पिल्वीनं मनात नोंद केली, वहीत नाही.

उरलेला मासा त्यानं पत्र्याच्या झाकणाखाली ओसरीच्या पायरीवर ठेवला, सकाळी कोंबड्यांना घालू म्हणून. सकाळी झाकण जागच्या जागी आणि मासा गायब. पलीकडच्या घरचं मांजर असणार, तो म्हणाला. काटेसुद्धा ठेवले नाहीत बयेनं.

दुसऱ्या दिवशी फळी वाकली आणि मासा जाळात पडला. ओत्सोनं फळीच्या पाठीला आडवी पट्टी ठोकली. पडलेला मासा झाकणाखाली गेला; तोही गायब. तिसऱ्या दिवशी पिल्वी मोजपट्टी घेऊन आली आणि जाळापासून चाळीस सेंटीमीटरवर खूण करायला लागली.

"जाळ रोज तेवढाच नसतो," ओत्सो म्हणाला. "हात पुढे करा. तळहात, फळीजवळ. पाच म्हणेपर्यंत सोसलं पाहिजे. तीनलाच चटका बसला तर फळी जवळ आहे, आठपर्यंत पोचलात तर लांब."

तिनं हात धरला. एक दोन तीन चार पाच. हात मागे.

"तुमचे पाच फार घाईचे आहेत."

"पाच म्हणजे पाच."

"माझ्याबरोबर मोजा." त्यानं आपला हात तिच्या हाताशेजारी धरला. खरबरीत, अंगठ्यावर जुन्या जखमेची पांढरी रेघ. हाताला हात लागला नव्हता. मध्ये बोटभर जागा होती, आणि त्या बोटभर जागेतच जाळापेक्षा जास्त ऊब होती, असं पिल्वीला वाटलं.

"एक..." तो म्हणाला. दोन यायला इतका वेळ लागला की त्यात तिनं तळ्यावरच्या पाणपक्ष्याची हाक ऐकली, त्याच्या श्वासाचा आवाज ऐकला, आणि स्वतःच्या छातीतलं जे काही चाललं होतं तेही. "दोन..."

त्या दिवशीच्या नोंदीत अंतर लिहायचं राहून गेलं.

* * *

मासा रोज सुधारत होता. आई मात्र नाही. उलट आता त्या तीन चमच्यांतलाही एकच चमचा जाऊ लागला. ओत्सो लापशीचं ताट घेऊन आत जायचा आणि तसंच घेऊन बाहेर यायचा, आणि पिल्वीला त्याच्या चालण्यावरूनच कळायचं. विळ्या-कोयत्यासारखी धारदार भीती असते ना, तिला आवाज नसतो. पिल्वीला ती ओळखीची होती.

चौथ्या दिवशी जाळ पेटल्यावर नेमक्या सरी आल्या. वडील पावसातही भाजायचे, म्हणून ओत्सो हलेना. ओनाला हेल्वी आजींच्या ओसरीवर बसवून पिल्वी छत्री घेऊन धावली आणि माशावर धरली.

"माशावर?" तो म्हणाला. त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं.

"मासा भिजला तर नोंद चुकेल."

"आणि मी भिजलो तर?"

"तुझी नोंद कोण ठेवतंय?"

तोंडून 'तुझी' निसटलं होतं. तिनं छत्री उगाच सरळ केली. त्यानं जाळात एक लाकूड सरकवलं. पाऊस तेवढा बोलत राहिला. मग फळी उलटी करायची वेळ झाली, तसा तो वाकून छत्रीखाली आला, आणि फळी उलटी करून झाल्यावर बाहेर जायचं विसरला.

"तिघं नाही मावत यात," ती म्हणाली. "एकानं बाहेर राहावं लागेल."

त्यानं विचार केल्यासारखं केलं. "मासा जाऊ दे."

ती इतकी हसली की छत्री कलली आणि साठलेलं पाणी दोघांच्या मानेवर आलं. ओसरीवरून ओनाही हसली, आणि तिच्यामागे खिडकीचा पडदा हलला. वाऱ्यानं असेल.

त्या संध्याकाळी ओना झोपताना म्हणाली, "मांजर म्हणाली, मीठ कमी होतं आज."

"कुठली मांजर?"

"मासा खाते ती. म्हातारी आहे. तिला शेपू आवडतो."

"हं," पिल्वी म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती उजव्या दंडाकडे बघत होती, जिथं मघाशी त्याचा ओला सदरा टेकला होता. सगळं तपासणारी बाई, आणि हे तपासलं नाही.

सहाव्या दिवशी फळी काळपट झाली, कडेनं चकाकायला लागली. मासा चाखून ओत्सोनं आणखी एक तुकडा तोडला.

"काय?" पिल्वीनं विचारलं.

"बाबांचा नाही हा. पण चांगला आहे." मग जाळाकडे बघत तो म्हणाला, "मला वाटायचं, एवढी काळजी मी एकटाच करतो. लाकडाची, वाऱ्याची, आईची. काम सोडून आलो तेव्हा सगळे म्हणाले, उगाच घाबरतोस. तू आलीस आणि पहिल्याच दिवशी गोटे मांडलेस..." आणखी काही होतं, पण त्यानं ते शेपूच्या जुडीबरोबर पाण्यात बुडवलं. "फार बरं वाटलं ते गोटे बघून."

पिल्वीचं लग्न झालं होतं तेव्हा तिच्या डोळ्यांचं कौतुक झालं होतं, केसांचं झालं होतं. गोट्यांच्या रेघेचं कुणी केलं नव्हतं. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण रविवारी दुपारची बस होती, आणि त्याआधी शुक्रवार होता, आणि शुक्रवारी एका म्हातारीला तिच्या नवऱ्याची फळी जाळल्याचं सांगायचं होतं. त्यानंतर या अंगणात आपल्याला कोण उभं करणार?

* * *

युहान्नुसच्या दिवशी ओत्सोनं दाराच्या दोन्ही बाजूंना भूर्जाची कोवळी झाडं उभी केली. मोठा सॅल्मन आणला. काठावरचे लोक संध्याकाळी सणाच्या मोठ्या शेकोटीपाशी भेटणार होते. जेवायला मात्र चौघंच. नवे बटाटे, वर लोणी आणि शेपू, काळा पाव.

हेल्वी काठी टेकत बाहेर आली. पट्ट्यापट्ट्यांचा निळा पोशाख घातला होता. पिल्वीनं सवयीनं तिला आपादमस्तक पाहिलं, आणि तिला काहीतरी खटकलं. घागऱ्याला पिन नव्हती. नवीन शिवला असेल, तिनं मनाशी म्हटलं, आणि ओनाच्या वाटणीचा मासा बोटांनी दाबून काटे शोधायला लागली.

ओत्सोनं आईच्या ताटात मासा वाढला. हात अगदी स्थिर ठेवला होता त्यानं. फक्त पिल्वीला दिसलं की तो श्वास घेत नाहीये.

हेल्वीनं एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग बटाटा. मग ताट संपवलं, पावाच्या तुकड्यानं लोणी पुसून घेतलं आणि ताट पुढे केलं. "शेपटीकडचा वाढ."

ओत्सोनं वाढला आणि तो तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ. पिल्वी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आत्ता आपण गप्प बसलो तर... सगळं किती छान आहे. पण पोटात दुखायला लागलं होतं. दुसरं ताट संपेपर्यंत तिनं कसाबसा धीर धरला.

"हेल्वीमावशी, मला काही सांगायचंय. ही ऊर्होकाकांची फळी नाही. ती मी जाळली. सौनात घातली. मला वाटलं, जुनं लाकूड आहे. चूक माझी आहे, ओत्सोची नाही. तो फक्त... तुम्ही जेवावं म्हणून गप्प राहिला."

ओत्सो वळला. हेल्वीनं तोंड पुसलं, रुमालाची घडी केली.

"एक्केचाळीस वर्षं त्या वासाशेजारी झोपले मी," ती म्हणाली. "मला धूर ओळखू येणार नाही?"

ओत्सो येऊन आईसमोर बसला.

"मागच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी खिडकीतून धूर आला. आधी वाटलं, ऊर्होच आला अंगणात. मग खिडकीशी जाऊन बघितलं तर ही पोरगी चिमटा घेऊन धावतेय, आणि हा ठोंब्या मुठीत खुंट्या धरून उभा. आणि मला भूक लागली. आठ महिन्यांनी. अशी भूक, की लाज वाटली."

"पण तू तर लापशीसुद्धा..." ओत्सो म्हणाला.

"लापशीला जागा कुठं होती? अख्खा मासा खात होते रोज." हेल्वीनं बोटं मोजायला घेतली. "पहिला कडू होता. दुसऱ्याला राख लागलेली, ती झटकली. चौथ्याला मीठ कमी, पावसानं धुतलं असेल. सहावा बरा होता."

पिल्वीनं वही उघडली. पहिला, कपाट. दुसरा, पडला. चौथा, मीठ कमी. आणि दर पानाच्या तळाशी तिच्याच अक्षरात: 'मांजर, आजही.'

"मी सांगितलं होतं," ओना म्हणाली. "म्हातारी आहे म्हणून."

"ओनाला... तुम्ही ओनालाही दिलात? काटे..." पिल्वीच्या तोंडून निघून गेलंच.

"मी तीनदा बघून द्यायचे. तुझी लेक दोनदा बघूनही ऐकत नाही. म्हणते, आईला विचारते."

"पण आई, तू बोलली का नाहीस?" ओत्सोचा आवाज जरा चढला. "मी इथं रोज मरत होतो."

"बोलले असते तर दुसऱ्याच दिवशी तू फळी भिंतीला लावून होडी घासायला गेला असतास. आणि ही माफी मागून मोकळी झाली असती." हेल्वीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "रोज संध्याकाळी खिडकीतून इतकं छान दिसत होतं. मी कशाला मोडू?"

ओत्सोचे कान लाल झाले. पिल्वी वहीत काहीच नसलेल्या पानाकडे फार लक्ष देऊन बघायला लागली.

* * *

रविवारी सकाळी पिल्वीची बॅग ओसरीवर भरून ठेवलेली होती. ओना हेल्वीच्या मांडीवर बसून खुंट्या पुसत होती. लाइफ जॅकेट खुर्चीच्या पाठीवर लटकत होतं. ते कधी काढलं, पिल्वीला आठवेना.

ओत्सो नवी फळी काखेत मारून आला. हातात हातोडी, ओठांत एक मोठा खिळा. तो त्यानं काढून हातात घेतला.

"कुठे टांगायची?"

"खोपटीला नाही," ती म्हणाली.

"तेवढं शिकलो."

दोघंही थोडं हसले, आणि हसू संपल्यावर काय करायचं ते दोघांनाही कळेना.

"फळी मुरायला दहा-बारा उन्हाळे लागतात," तो फळीलाच सांगत असल्यासारखा म्हणाला. "आणि नोंदी तुझ्याकडे आहेत."

"वही ठेवून जाते मी."

"वही नकोय."

"नकोय?"

"एकटी नकोय."

पाणपक्षी ओरडला. पिल्वीला वाटलं, आता घाई केली तर चुकेल, आणि नाही केली तर बस चुकेल.

"हे बघ, आधीच सांगते," ती म्हणाली. "मी हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फाला घाबरते. तळं गोठलं आणि त्याच्यावर कुणी पाऊल टाकलं की घाबरते. रात्री उठून तीनदा ओनाचा श्वास बघते मी. तीनदा, ओत्सो. चार वर्षं झाली."

तो विचार करत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, दयाही नव्हती. मनातल्या मनात तो आकडे मांडत होता, खरोखरचे.

"मी दोनदा आईचा बघतो," तो म्हणाला. "वाटून घेऊ."

पिल्वीनं डोळे मिटले. एक... तिनं मोजलं, त्याच्या चालीनं, सावकाश. दोन... ओसरीवर ओना हेल्वीला काहीतरी विचारत होती. तीन... भुशाचा वास, शेपूचा वास, धुराचा. चार... चटका बसत नव्हता. पाच.

"स्वयंपाकघरात," ती म्हणाली. "दाराच्या आतल्या बाजूला. हिवाळ्यातही माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे."

तो आत गेला आणि ठोकायला लागला. बाहेरून हेल्वीचा आवाज आला, जरा वर ठोक रे, तिथं पोरीचा हात पोचतो. त्यानं खिळा उपटून वीतभर वर ठोकला. फळी टांगण्याआधी तो बाजूला सरला आणि वाट बघत राहिला.

पिल्वी पुढे झाली. तिनं खिळा धरून ओढून पाहिला. मग आणखी एकदा, जोर लावून.

पक्का होता.